राष्ट्रसंत तुकडोजी महाराज

अमरावतीहून नागपूरकडे जाताना वाटेत मोझरी हे गाव लागते. तेथील गुरुकुंज आश्रमात रोज सायंकाळी सर्व जातींचे व पंथांचे लोक एकत्र बसून प्रार्थना करतात. ही प्रथा ज्यांनी घालून दिली, ते थोर संतकवी म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज होत.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव माणिक. वडील बंडोजी इंगळे शिवणकाम करीत. घरची गरिबी, आणि माणिकचे चित्त सदा भजनात. त्यामुळे त्याचे शिक्षण प्राथमिक वर्गांतच थांबले. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्याचे गुरू. त्यांनी या शिष्याला 'तुकड्या' हे नाव दिले. गुरूंच्या निधनानंतर रामटेक, सालबर्डी येथील रानांत राहून त्याने साधना केली.

अशा या अल्पशिक्षित तरुणाच्या मुखातून मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत भजने स्फुरू लागली. त्या काळी वऱ्हाड आणि मध्यप्रांत मिळून एकच प्रांत होता व तेथे मराठी आणि हिंदी बोलणारे लोक शेजारी शेजारी नांदत. ज्या श्रोत्यांना जी भाषा समजे, त्या भाषेत महाराज गात. हाती खंजिरी घेऊन ते उभे राहिले की हजारो लोक तल्लीन होत. शब्द साधे, परंतु थेट अंतःकरणाला भिडणारे! अस्पृश्यता, व्यसने आणि अंधश्रद्धा यांवर ते कठोर प्रहार करीत. १९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. पुढच्याच वर्षी महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला काही दिवस राहिले.

१९४२ साली स्वातंत्र्याचा वणवा पेटला. चिमूर आणि आष्टी या गावांतील जनता ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठली. महाराजांच्या भजनांनी लोकांची मने चेतविली आहेत, हे सरकारने ओळखले. ज्याच्यापाशी खंजिरीखेरीज दुसरे शस्त्र नव्हते, त्या कवीला सरकारने अटक केली व नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत ठेवले. परंतु सुटकेनंतरही त्यांची वाणी थांबली नाही.

स्वातंत्र्य मिळाले, पण खेडी दरिद्री आणि अज्ञानी राहिली तर त्या स्वातंत्र्याचा काय उपयोग, ही चिंता महाराजांना लागली होती. त्या चिंतेतून 'ग्रामगीता' हा ओवीबद्ध ग्रंथ जन्माला आला. ग्रामसफाई, शिक्षण, स्त्रियांचा सन्मान, श्रमाची प्रतिष्ठा अशा विषयांवर त्यात ४१ अध्याय आहेत. केवळ लिहून ते थांबले नाहीत. हाती झाडू घेऊन स्वतः गावे झाडू लागले.

१९५५ साली जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म परिषदेस ते उपस्थित राहिले. भारताचे राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना 'राष्ट्रसंत' म्हणून गौरविले. १९६२ व १९६५ च्या युद्धकाळात सैनिकांचे धैर्य वाढविण्यासाठी ते सीमेवर गेले.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात त्यांची प्राणज्योत मालवली. दरवर्षी पुण्यतिथीच्या सोहळ्यात त्याच क्षणी हजारो लोक मौन पाळून त्यांना श्रद्धांजली वाहतात. जो जन्मभर गात राहिला, त्याला दिलेली ही निःशब्द मानवंदना होय. आपले गाव स्वच्छ ठेवणे आणि कोणालाही हीन न लेखणे, हीच त्यांची खरी पूजा ठरेल.