बर्फाच्या समुद्रात 'कुरण' शोधणारा माणूस: जोसेफ हूकर आणि काचेच्या डबीतलं शेवाळ

पावसाळ्यात महाडजवळच्या शिवथरघळीला गेलात, की धबधब्यापाशी कुणीतरी सांगतंच, दगडावरून जपून पाय टाका. अशा ओल्या दगडांवर हिरवं शेवाळ असतं, तसाच अनेकदा एक तपकिरी, बुळबुळीत थरही असतो. तो थोडासा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर बहुतेक वेळा नक्षीकाम केलेल्या इवल्या इवल्या काचेच्या डब्या दिसतात. यांना म्हणतात डायटम. एकाच पेशीचं हे शैवाल स्वतःभोवती सिलिकाचं, म्हणजे आपली काच ज्यापासून बनते त्याच पदार्थाचं कवच तयार करतं.

मंडळी, हेच डायटम पृथ्वीच्या दक्षिण टोकाच्या गोठलेल्या समुद्रातही राहतात. तिथं त्यांचं महत्त्व ज्यानं ओळखलं, तो माणूस आपल्याकडे वेगळ्याच कारणासाठी माहीत आहे. भारतातल्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध करणारा हाच तो जोसेफ डाल्टन हूकर!

२२ वर्षांचा डॉक्टर निघाला अंटार्क्टिकाला

हूकरचा जन्म ३० जून १८१७ चा, इंग्लंडमधल्या हेल्सवर्थ गावचा. वडील विल्यम हूकर ग्लासगो विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यामुळे झाडापानांची गोडी घरातूनच लागली. पण वनस्पतिशास्त्रावर पोट भरणं तेव्हा कठीण होतं. म्हणून पोरानं वैद्यकीची पदवी घेतली आणि १८३९ मध्ये 'एरेबस' या जहाजावर सहायक सर्जन म्हणून नोकरी धरली. सोबत दुसरं जहाज होतं 'टेरर', आणि मोहिमेचा प्रमुख होता जेम्स क्लार्क रॉस.

प्रवास चार वर्षांचा. दक्षिणेतल्या तीन उन्हाळ्यांत ही जहाजं बर्फात घुसली. १८४१ च्या जानेवारीत त्यांच्यासमोर बर्फाची एक अजस्र भिंत उभी राहिली. आज तिला रॉस हिमस्तर म्हणतात. वाटेतल्या बेटांवर हूकरला गोळा करायला वनस्पती मिळत होत्या. या भिंतीपाशी मात्र झाड नाही, झुडूप नाही, गवताची काडीसुद्धा नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञानं इथं करायचं काय?

गवत नाही, मग एवढी जनावरं जगतात कशावर?

खरं कोडं इथूनच सुरू होतं. जमिनीवर काही उगवत नव्हतं, पण समुद्र जिवंत होता. देवमासे होते, सील होते, पेंग्विनचे थवे होते. आपल्याकडे वाघ हरणावर जगतो आणि हरीण गवतावर. गवत काढून टाकलं तर सगळी साखळीच कोसळते. मग या समुद्रातलं गवत कुठं होतं?

हूकरनं जाळी टाकून समुद्राचं पाणी गाळलं. जहाजाभोवतीच्या बर्फावर पिवळट-तपकिरी डाग दिसत, तो बर्फ वितळवून पाहिला. समुद्रतळाचा गाळ वर काढला. साल्प नावाच्या पारदर्शक समुद्री जीवांची पोटंही तपासली. सगळीकडे तीच गोष्ट सापडली, डायटम! पाण्यात तेच, बर्फात तेच, जनावरांच्या पोटात तेच आणि तळाच्या गाळात त्यांचीच रिकामी कवचं.

प्राणी की वनस्पती?

आता हे डायटम ओळखायचे कसे? त्यांचं कवच साबणाच्या डबीसारखं असतं, एक झाकण दुसऱ्यावर बसणारं. काही गोल, काही होडीसारखे लांबट. त्यावरच्या रेघा, छिद्रं आणि काटे प्रत्येक जातीचे वेगळे. अभ्यासक आम्लानं आतला सेंद्रिय भाग काढून टाकतात आणि उरलेल्या स्वच्छ कवचावरची नक्षी मोजून जात ठरवतात. एक डायटम साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, काही त्याहून बरेच मोठे. म्हणजे कामाला नजर तर हवीच, धीरही हवा.

त्या काळी या विद्येतलं मोठं नाव होतं बर्लिनचे क्रिस्टियान एरेनबर्ग. मोहिमेतले नमुने त्यांच्याकडे गेले आणि त्यांनी १८४४ मध्ये अंटार्क्टिकातल्या अनेक जातींची वर्णनं प्रसिद्ध केली. हे काम मोलाचंच होतं. पण एरेनबर्ग डायटमना प्राणी मानत. एवढ्याशा जीवातही पोटासकट सगळे अवयव असतात, असं त्यांचं मत होतं.

हूकरला हे पटलं नाही. १८४७ मध्ये ऑक्सफर्ड इथं ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्यानं अंटार्क्टिक समुद्रातल्या डायटमवर निबंध वाचला. त्याचं म्हणणं असं, की हे प्राणी नाहीत, वनस्पती आहेत. जमिनीवर जे काम गवत आणि झाडं करतात, तेच काम या समुद्रात डायटम करतात. लहान जीव त्यांना खातात, मोठे जीव त्या लहानांना खातात, आणि मेलेल्या डायटमची कवचं तळाशी साचत राहतात.

वरवर पाहता हा केवळ नावाचा वाद वाटेल. पण प्राणी म्हटलं, की समुद्रातलं आणखी एक खाणारं तोंड वाढतं. वनस्पती म्हटलं, तर सगळ्यांना पोसणारा सापडतो. वर्गीकरणातली एक ओळ बदलली आणि अख्ख्या समुद्राचा हिशोब जुळला.

पुढे १८७२ ते १८७६ मधल्या 'चॅलेंजर' मोहिमेत अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रतळावर डायटमच्या कवचांच्या गाळाचा विस्तीर्ण पट्टा आढळला. आजचं विज्ञान मात्र एक पाऊल पुढे गेलंय. डायटम प्राणी नाहीतच, पण ते जमिनीवरच्या झाडांच्या कुळातलेही नाहीत. त्यांची शाखा वेगळी, तपकिरी समुद्री शैवालाच्या जवळची. तरी सूर्यप्रकाशावर अन्न तयार करण्याचं त्यांचं काम हूकरनं बरोबर हेरलं होतं. पृथ्वीवर दरवर्षी तयार होणाऱ्या ऑक्सिजनपैकी साधारण पाचवा हिस्सा डायटमचा असतो, असा अंदाज आहे.

मग भारत, डार्विन आणि क्यू

१८४८ च्या जानेवारीत हूकर कलकत्त्याला उतरला. सिक्कीमच्या डोंगरांत लेपचा आणि भोटिया साथीदारांच्या मदतीनं त्यानं वनस्पती गोळा केल्या. परवानगीच्या वादातून १८४९ मध्ये सिक्कीमच्या दिवाणानं त्याला काही आठवडे अटकेतही ठेवलं. इंग्रजांनी त्याचं निमित्त करून सिक्कीमचा काही मुलूख बळकावला. विज्ञान आणि साम्राज्य त्या काळी असं हातात हात घालून चालत होतं.

याच हूकरला चार्ल्स डार्विननं १८४४ मध्येच पत्रातून सांगितलं होतं, की जीवजाती बदलतात असं आपल्याला वाटू लागलंय. पुढे हूकर क्यू इथल्या जगप्रसिद्ध वनस्पती उद्यानाचा संचालक झाला. त्यानं इतरांच्या साहाय्यानं तयार केलेला 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' हा सात खंडांचा ग्रंथ १८९७ मध्ये पुरा झाला. सह्याद्रीतली झाडं ओळखणाऱ्यांना आजही त्याचा आधार घ्यावा लागतो. १० डिसेंबर १९११ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी हूकर गेला.

आणि आपल्याकडे?

हूकरनंतर जवळजवळ दीड शतकानं भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम निघाली, ती गोव्याहून, ६ डिसेंबर १९८१ रोजी. आज वास्कोमधल्या राष्ट्रीय ध्रुवीय संस्थेतून हे संशोधन चालतं. सह्याद्रीतले डायटमही दुर्लक्षित नाहीत. हेमेंद्रकुमार गांधी यांनी १९५० च्या दशकात पन्हाळगडावरच्या पाण्यातल्या डायटमची नोंद केली, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या अभ्यासाची परंपरा सुरू आहे. डायटमच्या कोणत्या जाती आहेत यावरून पाणी स्वच्छ आहे की दूषित, याचाही अंदाज येतो.

तेव्हा पुढच्या पावसाळ्यात दगडावरून पाय घसरलाच, तर आधी स्वतःला सावरा. मग त्या तपकिरी थराकडे नीट बघा. देवमाशापर्यंत पोचणारी साखळी अशाच एखाद्या थरापासून सुरू होते.