सायकलवाले मास्तर : लक्ष्मणराव किर्लोस्कर

मित्रांनो, किर्लोस्कर हे नाव आपल्याला कुठे भेटतं? हायड्रॉलिक्सच्या लॅबमधल्या पंपावर, नाहीतर सोसायटीच्या टाकीशेजारी. जर्नल लिहिताना त्या पंपाचा हेड आणि डिस्चार्ज आपण इमानदारीने (कधी कधी शेजारच्याच्या जर्नलमधून!) उतरवतो आणि मोकळे होतो. पण या घराण्याचा पहिला धंदा पंपांचा नव्हता, इंजिनांचाही नव्हता. तो होता सायकलींचा! हे मला कळलं तेव्हा मी उडालोच, कारण आमच्या वर्गात मी सायकलवेडा म्हणूनच ओळखला जातो.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षा त्यांचा जीव रमायचा दोनच गोष्टींत, चित्रं आणि यंत्रं. १८८५ मध्ये वडिलांच्या मनाविरुद्ध ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले म्हणून हे जमलं. पण पुढे एक विचित्र अडचण आली. लक्ष्मणरावांना काही रंगांतला फरक ओळखू येत नाही, हे लक्षात आलं. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला रंगच कळेनात!

आपल्यापैकी एखादा बॅग भरून घरी गेला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले. ज्या ड्रॉइंगच्या नावाने फर्स्ट इयरला आपण बोटं मोडतो, त्याच विषयाने त्यांना पोट दिलं. १८८७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, ते मेकॅनिकल ड्रॉइंगचे शिक्षक झाले.

याच मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. आता काळ लक्षात घ्या. पुढचं चाक भलंमोठं आणि मागचं चिमुकलं अशी जुनी सायकल मागे पडून, दोन्ही चाकं सारखी आणि मागच्या चाकाला साखळी अशी जॉन स्टार्लीची सायकल इंग्लंडमध्ये आली ती १८८५ मध्ये. डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं १८८८ मध्ये. आणि त्याच १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान बेळगावात सुरू झालं! लक्ष्मणराव नोकरी सांभाळून मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. सायकल बिघडली की दुरुस्तीही तिथेच. ज्या रस्त्यावर हे दुकान होतं तो आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

गंमत म्हणजे अगदी याच सुमाराला, १८८७ मध्ये, फ्रान्समधल्या सेंट एत्येन गावात पॉल द व्हिव्ही नावाच्या गृहस्थांनीही सायकलचा धंदा सुरू केला होता. आधी ते रेशमाचे व्यापारी. त्यांनी सायकलवर एक मासिक काढलं, आणि 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने ते फ्रान्सभर प्रसिद्ध झाले. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून, द्राक्षमळ्यांच्या मुलखातून, ते प्रोव्हान्सपर्यंत लांबलांब सहली काढायचे. शर्यत नाही, घाई नाही, नुसतं गावागावांतून हिंडणं. चढावर दम लागू नये म्हणून सायकलला एकाहून जास्त गिअर हवेत, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. आज आपण खटाखट गिअर बदलतो ते अशा लोकांच्या खटपटीमुळे. नाहीतर 'टूर द फ्रान्स'च्या शर्यतीत १९३७ पर्यंत डिरेल्युअरला बंदीच होती!

व्हेलोसिओंना सायकलने रस्ता दिला, लक्ष्मणरावांना कारखाना दिला. मला वाटतं, सायकल हे माणसाने पूर्ण उघडून पाहावं असं पहिलं यंत्र आहे. तिच्यात लपवलेलं काही नाही. बेअरिंग, साखळी, लीव्हर, ब्रेकचं घर्षण, सगळं डोळ्यांसमोर. चार पाने हातात घेतले की एका दुपारी तिचं पोट मोकळं करता येतं. ज्याने सायकल खोलून पुन्हा जोडली, त्याची यंत्राची भीती गेली.

१८९७ मध्ये लक्ष्मणरावांच्या आयुष्यात वळण आलं. बढतीवर त्यांचा हक्क होता, पण ती मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. त्यांनी राजीनामा दिला आणि थेट बेळगाव गाठलं. पक्की नोकरी, ठरलेला पगार, मुंबई, सगळं सोडून सायकलच्या दुकानात! या वर्षी प्लेसमेंटच्या रांगेत उभं असताना मला ही गोष्ट वारंवार आठवते. घरी सगळ्यांना वाटतं की एकदा ऑफर लेटर हातात पडलं की सुटलो. त्यात चूक काही नाही. पण अपमान गिळून पगार घ्यायचा की स्वतःचं काही उभं करायचं, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका मास्तरांपुढेही होता. आणि त्यांच्या हातात तेव्हा ऑर्डर बुक नव्हतं, पाना होता.

बेळगावात त्यांनी पवनचक्क्या विकून उभ्या करून दिल्या, मग कडबा कापायचं यंत्र केलं. १९०३ च्या सुमारास आला लोखंडी नांगर. आणि इथे खरी परीक्षा झाली. लोखंडामुळे जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. जवळजवळ दोन वर्षं नांगर पडून राहिले! पण लक्ष्मणराव खचले नाहीत. नांगर चांगला आहे हे त्यांना ठाऊक होतं, शेतकऱ्याला पटायचं बाकी होतं. पुढे तोच नांगर गावोगाव गेला.

कारखाना जरा रुळतोय तोवर नगरपालिकेने जागा सोडायला लावली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि भांडवलाला कर्ज दिलं. जमीन कसली, निवडुंगाचं रान आणि सापांचं माहेर! १९१० मध्ये तिथे कारखाना आणि कामगारांची वसाहत उभी राहू लागली, ती किर्लोस्करवाडी. स्टेशनचं नावही पुढे बदलून तेच झालं. इथे शिवाशिव पाळायची नाही हा शिरस्ता लक्ष्मणरावांनी घातला. तुरुंगातून सुटलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या राखणीला ठेवलं. १९२० मध्ये इथूनच 'किर्लोस्कर खबर' निघालं. म्हणजे व्हेलोसिओंसारखंच इथेही यंत्राच्या शेजारी मासिक!

ही किर्लोस्करवाडी मी सायकलवरून पाहिली आहे. त्याचं कारण अगदी साधं. आमच्याकडे कल्याण-शीळ रस्त्यावर सायकल घातली की डावीकडे डंपर, उजवीकडे टँकर आणि मधे आपण. रविवारी पहाटे टिटवाळा-गोवेली किंवा बदलापूरहून बारवी धरणाकडे जाऊन यायचं, तेही उजाडायच्या आत. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी कल्याणला कोल्हापूरच्या गाडीच्या लगेज डब्यात सायकल चढवली आणि किर्लोस्करवाडीला उतरलो. तिथून पलूस, पुढे आतल्या रस्त्यांनी तासगाव. वाटेत येरळा नदी, दोन्ही बाजूंना उसाची शेतं, मग द्राक्षांचे मांडव. तासा-तासात एखादा ट्रॅक्टर, नाहीतर दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल. स्वतःच्या साखळीचा आवाज ऐकू येतो, एवढी शांतता! २००१ च्या राज्याच्या वाईन धोरणानंतर पलूसला वाईन पार्कसुद्धा झालं. म्हणजे फ्रान्सला जायची ऐपत नसलेल्यांची सोय आपल्या सांगली जिल्ह्यात आहे.

त्या मांडवांखाली मला एक गोष्ट उमगली. या कोरड्या पट्ट्यात द्राक्षं आली ती पाणी उचलून आणल्यामुळे. नदीचं पाणी चढावर न्यायचं तर पंप लागतो. आणि निवडुंगाच्या त्या रानात आज काय बनतं? पंप! लॅबमध्ये मी ज्याचा हेड लिहून घेतो, तो आकडा इथे वेलीच्या मुळाशी पोचलेला दिसला.

लक्ष्मणरावांच्या हयातीतच वाडीच्या फांद्या लांब पसरल्या. १९४१ मध्ये हरिहरला लेथचा कारखाना निघाला, १९४६ मध्ये पुण्याला डिझेल इंजिनांचा. एमआयटीहून शिकून आलेले त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांनी तो पसारा सांभाळला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. व्हेलोसिओ मात्र त्याआधीच, १९३० मध्ये गेले, तेही आपल्याच गावात ट्रामच्या धक्क्याने, सायकल हातात धरून चालत असताना. मोकळ्या रस्त्यांवर जन्म काढलेल्या माणसाला शेवटी शहराच्या रहदारीने गाठलं. आमच्या शीळ रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट टोचेल.

आपल्या ठाण्यातलं वागळे इस्टेट किंवा डोंबिवलीची एमआयडीसी, कुठेही आत डोकावून बघा. एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि हात काळे झालेला एक मालक अजूनही सापडतो. लक्ष्मणराव मला पुतळ्यात नाही, तिथे दिसतात. तेव्हा मित्रांनो, सबमिशन संपलं की जिन्याखाली गंजत पडलेली ती सायकल बाहेर काढा. दुकानात नेऊ नका. आधी स्वतः खोला. नट हरवतील, बोटं काळी होतील, आई ओरडेल. पण पुन्हा जोडून झाली की फेरी मारायला निघा, मोकळ्या रस्त्याने, सावकाश.