देव घराघरात पोचवणारा चित्रकार : राजा रविवर्मा आणि मळवलीचा छापखाना

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पाटावर जी लक्ष्मी मांडतात, ती कशी दिसते हे कोणाला सांगावं लागत नाही. कमळावर उभी, चार हात, अंगावर काठपदराची साडी, बाजूला हत्ती. शाळेतली सरस्वतीही तशीच ठरलेली. हातात वीणा, शेजारी मोर. कोकणात जा, मराठवाड्यात जा, देवीचं रूप फारसं बदलत नाही.

हे रूप घरोघरी एकसारखं झालं त्याला सव्वाशे वर्षांच्या आसपास झाली. ते ज्याने रंगवलं तो माणूस केरळचा, राजा रविवर्मा. आणि ते कागदावर छापून गावोगाव गेलं ते मुंबईतून आणि नंतर पुणे जिल्ह्यातल्या मावळातून. लोणावळ्याजवळच्या मळवलीला रविवर्मांचा छापखाना होता. या छापखान्याने त्यांचं नाव देशभर केलं आणि त्याच छापखान्याने त्यांना पैशाने खाली बसवलं.

भिंतीवर कोळशाने चित्रं काढणारं पोर

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा. त्रावणकोर संस्थानातलं किळिमानूर हे त्यांचं गाव. घराणं राजघराण्याशी नातं असलेलं, घरात संस्कृत, संगीत, कथकळी सगळं होतं. लहानपणी हे पोर वाड्याच्या भिंतींवर कोळशाने चित्रं काढायचं असं सांगतात. दुसऱ्या घरात पाठीत धपाटा बसला असता. इथे मामा राजा राजा वर्मा स्वतः चित्रं काढणारे होते. त्यांनी भाच्याचा हात ओळखला आणि तो चौदा वर्षांचा असताना त्याला तिरुवनंतपुरमला महाराजांच्या दरबारात नेलं.

दरबारात राहायची सोय झाली, पण शिकवणारा मिळेना. त्या काळी तैलरंग म्हणजे तेलात कालवलेले रंग आपल्याकडे नवे होते. ज्यांना ते येत होते ते आपली विद्या दुसऱ्याला द्यायला तयार नसत. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार दरबारात आला. त्याने शिकवलं नाही, पण काम करताना बघायची परवानगी मिळाली. रविवर्मा बघत राहिले. रंग किती घट्ट घ्यायचा, सावली कुठे द्यायची, कपड्याची चुणी कशी उचलायची हे बघून बघून शिकले. बाकीचं स्वतःच्या हाताने, चुका करत.

१८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळालं. केस माळणाऱ्या नायर स्त्रीचं त्यांचं चित्र त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही गाजलं. मग राजेरजवाड्यांची बोलावणी सुरू झाली. धाकटा भाऊ सी. राजा राजा वर्मा कायम सोबत असे. तोही चांगला चित्रकार. मोठ्या चित्रांत मागचे डोंगर, पाणी, आभाळ तो रंगवायचा. पत्रव्यवहार आणि हिशोबही तोच बघायचा.

एका मराठी दिवाणाचा सल्ला

छापखान्याची कल्पना आली त्यात एका मराठी माणसाचा हात होता. सर टी. माधवराव हे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, कुंभकोणमला जन्मलेले. ते आधी त्रावणकोरचे दिवाण होते, पुढे बडोद्याचे झाले. त्यांना रविवर्मांचं काम चांगलं माहीत होतं. चित्रांना मागणी एवढी होती की एका माणसाचे दोन हात पुरणं शक्य नव्हतं. तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात, असं माधवरावांनी १८८४ च्या सुमारास सुचवलं.

तेव्हा ते लगेच घडलं नाही. मधल्या काळात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी रामायण, महाभारत आणि पुराणांतल्या प्रसंगांवर चौदा चित्रं सांगितली. ती रंगवण्याआधी दोघं भाऊ देशभर हिंडले. सीता, दमयंती, द्रौपदी यांना नेसवायचं काय, दागिने कोणते घालायचे, हा प्रश्न होता. प्रत्येक मुलखाचा पेहराव वेगळा. शेवटी साडीने हा प्रश्न सोडवला. ती चित्रं लोकांना बघायला ठेवली तेव्हा रीघ लागली. पुराणातली माणसं हाडामांसाची दिसत होती. डोळ्यांत पाणी होतं, साडीला चुण्या होत्या.

पण प्रदर्शन उठलं की चित्र राजवाड्यात. गरीब माणसाने ते पुन्हा बघायचं कुठे? रविवर्मांनी मग माधवरावांच्या सल्ल्याच्याही पुढची उडी मारली. चित्रं परदेशी पाठवण्याऐवजी छापखानाच इथे आणायचा असं ठरवलं. १८९४ साली मुंबईत गोवर्धनदास खटाव मखनजी या व्यापाऱ्याच्या भागीदारीत छापखाना सुरू झाला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही तिकडचे. पहिलं चित्र निघालं ते शकुंतलेच्या जन्माचं.

दगडावरून कागदावर

आज कलर प्रिंट म्हटलं की फाईल दिली आणि दहा मिनिटांत कागद हातात. तेव्हा काम दगडावर चालायचं. शिळाछाप म्हणतात ते हेच. जर्मनीतल्या बव्हेरिया भागात एक गुळगुळीत चुनखडीचा दगड मिळतो. तो घासून आरशासारखा सपाट करायचा. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, तेही उलटं, म्हणजे डावा हात उजवीकडे. मग डिंक आणि थोडं आम्ल लावून दगड पक्का करायचा.

पुढची गोष्ट तेल आणि पाण्याच्या वैराची. दगड ओला केला की चित्र नाही तिथे पाणी धरतं आणि तेलकट रेघेवरून पाणी निसटतं. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघेवर चिकटते, ओल्या भागावर बसत नाही. वरून कागद दाबला की चित्र कागदावर. आलोईस सेनेफेल्डर या जर्मन माणसाने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती शोधली.

हे झालं एका रंगाचं. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. पिवळ्याचा एक, तांबड्याचा एक, निळ्याचा एक, अंगाच्या गोरेपणाचे दोन-तीन. एका चित्राला डझनभर दगड सहज लागत, कधी जास्तही. मूळ चित्रात कुठला रंग किती आहे हे कारागीर नुसत्या डोळ्याने ओळखायचा आणि त्या त्या दगडावर बारीक ठिपके देत बसायचा. एकाच कागदावर एकामागून एक सगळे रंग चढवायचे. कागद केसाएवढा जरी सरकला तरी ओठांचा रंग हनुवटीवर. पावसाळी हवेत कागद फुगतो, त्याचाही घोर. शेवटी वरून चकाकी द्यायची. तेलरंगाच्या चित्रासारखा भास होतो म्हणून या प्रतींना ओलिओग्राफ म्हणत.

एक दगड तयार करायला फार वेळ लागे, पण तयार झाला की हजारो प्रती निघत. त्यामुळेच चित्र स्वस्त झालं. लक्ष्मी, सरस्वती, गंगावतरण, राम, कृष्ण, घोड्यावरचे शिवाजी महाराज, सगळे बाजारात आले. बाया त्या चित्रांवर जर, टिकल्या, मणी शिवून देवीला खरी साडी नेसवायच्या. अशा तसबिरी अजून जुन्या वाड्यांत सापडतात.

ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते अशी लाखो माणसं त्या काळात होती. मूर्ती बघायची तर लांबून, नाहीतर नाहीच. त्यांच्याही भिंतीला आता देवाचं चित्र लागू शकत होतं. देवाच्या दर्शनासाठी कोणाची परवानगी लागेना. एका छापील कागदाने हे केलं, ही लहान गोष्ट नव्हे.

प्लेग, कर्ज आणि विक्री

नाव झालं, पण धंदा बसला नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून पळाली. कामगार कुठून आणायचे? शिवाय यंत्रं, दगड, कागद, परदेशी कारागिरांचे पगार, हा खर्च काही थांबत नव्हता. भागीदारी टिकली नाही. १८९९ साली छापखाना मुंबईतून मळवलीला हलवला. कार्ल्याची लेणी जवळ, पुणे-मुंबई रेल्वे दारातून जाणारी.

जागा बदलली तरी हिशोब जुळेना. रविवर्मा चित्रकार होते, व्यापारी नव्हते. राजेरजवाड्यांच्या कामासाठी सतत फिरतीवर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांनी छापखाना फ्रिट्झ श्लायशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. चित्रं छापायचा हक्कही त्यासोबत गेला. शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पीक एकाने काढायचं आणि बाजार दुसऱ्याने करायचा.

श्लायशरने छापखाना नीट चालवला. देवादिकांच्या चित्रांसोबत लेबलं आणि जाहिराती छापल्या. कोल्हापूरचे एम. व्ही. धुरंधर यांच्यासारख्या चित्रकारांची चित्रंही तिथे छापली गेली. पुढे भारतीय सिनेमाचे जनक झालेले दादासाहेब फाळकेही काही काळ इथल्या छपाईच्या कामात होते. १९१३ साली त्यांनी राजा हरिश्चंद्र काढला. त्यातली पुराणातली माणसं कशी दिसावीत हे लोकांच्या डोळ्यांत रविवर्मांच्या चित्रांनी आधीच ठसवलेलं होतं.

रविवर्मांना सरकारकडून १९०४ साली कैसर-ए-हिंद पदक मिळालं. १९०५ च्या सुरुवातीला भाऊ गेला. उजवा हातच गेल्यासारखं झालं. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूरला रविवर्मांचं निधन झालं. वय ५८.

कौतुक आणि बोलणी

त्यांच्या मागे टीकाही झाली. चित्रकलेतल्या मोठ्या लोकांनी त्यांना विलायती पद्धतीची नक्कल करणारा ठरवलं, चित्रांना कॅलेंडरची चित्रं म्हणून नाक मुरडलं. यात थोडं तथ्यही आहे. घरोघरी एकच लक्ष्मी गेली तेव्हा गावागावाची वेगळी रूपं मागे पडली. देवाचे टाक, शेंदराचा तांदळा, सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथी, यांच्यातले देव मोठ्या डोळ्यांचे, ठसठशीत रेघांचे. छापील देव गोरे, नाजूक. बघणाऱ्याला तेच खरे वाटू लागले. हातचं काम करणाऱ्या कलावंतांचं गिऱ्हाईक तुटलं.

दुसरी बाजूही आहे. १९७९ साली भारत सरकारने रविवर्मांच्या चित्रांना राष्ट्रीय कलाठेव्याचा दर्जा दिला. आजचे कलावंतही त्यांच्याकडे वळतात. बंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांनी स्वतः लक्ष्मीचा वेष करून, पडदा, हत्ती, कमळ सगळं मांडून रविवर्मांचं चित्र फोटोत पुन्हा उभं केलं. देवी आणि बाई कशी दिसावी हे कोण ठरवतं, असा प्रश्न ते बघताना पडतो.

छपाईचं तंत्रही पुढे गेलं, पण मुळं तीच. आजचं ऑफसेट मशीन तेल आणि पाण्याच्या त्याच वैरावर चालतं. फक्त दगडाच्या जागी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आला आणि डझनभर रंगांच्या जागी चार रंग, निळसर, गुलाबी, पिवळा आणि काळा. शिवकाशीची कॅलेंडरं त्यावरच निघतात. लग्नपत्रिकेला सोनेरी अक्षरं जाळीच्या चौकटीतून शाई ढकलून छापतात. जत्रेचा फ्लेक्स तर पत्रा आणि दगड दोन्ही विसरून थेट संगणकातून शाईचे थेंब सोडतो. आणि शुक्रवारी सकाळी मोबाईलवर येणारी लक्ष्मी कागदही मागत नाही. चेहरा मात्र बहुतेक वेळा तोच.

माळ्यावरची तसबीर एकदा बघा

मळवलीच्या छापखान्याला १९७२ साली मोठी आग लागली आणि सगळं जळालं. म्हणून जुन्या प्रतींचं मोल आता वाढलंय. गावाकडे काच फुटली की देवाची तसबीर पिंपळाखाली ठेवतात किंवा नदीत सोडतात. असं करण्याआधी एकदा खालची कड बघावी. रविवर्मा प्रेस आणि कार्ला-लोणावळा ही नावं इंग्रजीत छापलेली असतील तर ती तसबीर याच छापखान्याची.

नाव फाटलं असेल तर भिंग लावावं. नव्या छपाईत ठिपके शिस्तीत, जाळीसारखे ओळीने बसलेले दिसतात. दगडाच्या छपाईत ते वेडेवाकडे, लहानमोठे असतात, कारण ते माणसाने हाताने दिलेले असतात. अशी तसबीर सापडली तर पाण्याने पुसू नये, उन्हात ठेवू नये, ओलीच्या भिंतीला टांगू नये. वाळवीपासून जपावी आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय भंगारात किंवा फेरीवाल्याला देऊ नये.

२ ऑक्टोबरला गांधीजी आणि शास्त्रीजींची जयंती असते. त्याच दिवशी रविवर्मांची पुण्यतिथीही असते, हे फारसं कोणाच्या लक्षात राहत नाही. त्यांच्या नावाचा फोटो कोणी लावत नाही. त्यांनी रंगवलेली लक्ष्मी मात्र यंदाच्या दिवाळीतही घराघरात पाटावर बसेल.