मनाचें दुखणें आणि पंडिता रमाबाई

पाय मोडला म्हणजे मनुष्य लंगडतो, व घरचीं माणसें त्यास ताबडतोब दवाखान्यांत नेतात. मन मोडलें म्हणजे काय होतें, हें मात्र चटकन् दिसत नाहीं. झोंप उडते, अन्न गोड लागत नाहीं, वर्गांतील हुशार विद्यार्थी मागच्या बांकावर जाऊन गप्प बसूं लागतो. आणि आपण वडीलधारीं माणसें त्यास आळशी किंवा हट्टी म्हणून मोकळीं होतों. शिक्षकांकडूनही हा अन्याय होतो; प्रस्तुत लेखकाच्या हातूनही झालेला आहे. पंडिता रमाबाईंची विद्वत्ता आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्यांच्या चरित्राची दुसरी एक बाजू आज सांगावयाची आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें, आणि आईनें तेंच धन मुलीच्या ओंजळींत घातलें. हें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडत असे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंतील दुष्काळांत आई, वडील व थोरली बहीण थोड्या थोड्या अंतरानें गेलीं. उरलेलीं दोघें भावंडें उपाशीपोटीं मजल दरमजल करीत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथें रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. १८८० त भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशीं त्यांचा विवाह झाला. १८८१ त मनोरमा जन्मली. आणि फेब्रुवारी १८८२ मध्यें पतीस पटकीनें नेलें. वयाचीं चोवीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच जवळचीं पांच माणसें गेलीं होतीं.

त्या वर्षीं पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ त वैद्यक शिकण्याच्या हेतूनें त्या इंग्लंडास गेल्या. बरोबर मनोरमा व आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती. वाँटेज गांवीं या मैत्रिणीचें मन इतकें ढळलें कीं तिनें आपल्या जीविताचा अंत करून घेतला. पुढें रमाबाई ऑक्सफर्डास प्राध्यापक मॅक्समुल्लर यांच्या घरीं राहिल्या, तेव्हां रात्रीं त्यांस एकटें निजवेना. घरची मोलकरीण त्यांच्या खोलींत निजत असे. शास्त्र्यांच्या सभेंत संस्कृतांत बोलणारी स्त्री, आणि तिला रात्रीचें असें भय! यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं. तें मनाचें दुखणें होतें, आणि त्या घरानें केलेला उपाय अगदीं साधा होता: कोणी तरी जवळ असणें.

याच सुमारास, १८८० ते १८८२ या काळांत, ऑस्ट्रियांतील व्हिएन्ना शहरीं डॉक्टर योझेफ ब्रॉयर हे बर्था पापेनहाइम नांवाच्या तरुणीवर उपचार करीत होते. ती रमाबाईंहून अवघ्या दहा महिन्यांनीं लहान. आजारी वडिलांची शुश्रूषा करतां करतां तिचे हातपाय लुळे पडूं लागले, वाचाही जाऊं लागली. डॉक्टर तिच्याजवळ बसून तिचें बोलणें ऐकत. दडपलेली गोष्ट तिनें सांगून टाकिली म्हणजे त्या गोष्टीशीं जडलेलें लक्षण ओसरतांना त्यांस दिसलें. १८९५ सालीं ब्रॉयर व त्यांचे तरुण स्नेही सिग्मंड फ्रॉइड यांनीं ही हकीकत, रोगिणीचें नांव बदलून, ग्रंथांत छापली. बर्था त्या उपचारानें पुरी बरी झाली नाहीं, हें लपविणें बरें नव्हे. तिला पुढें आरोग्यधामांत रहावें लागलें. पण ती सावरली, आणि फ्रांकफुर्ट येथील अनाथ मुलींच्या गृहाची प्रमुख झाली.

आज ज्यास मानसोपचार म्हणतात तो या वाटेनें वाढला. उपचारक प्रथम ऐकतो. उपदेशाची घाई करीत नाहीं, ऐकलेलें चारचौघांत सांगत नाहीं. तो ठरलेल्या दिवशीं, ठरलेल्या वेळीं भेटतो, आणि या नेमानेंच भ्यालेल्या मनास धीर येतो. हळूहळू दुःख शब्दांत मांडतां येतें. कोणत्या विचारानें मन खचतें व कोणत्या संवयीनें सावरतें, हें दोघें मिळून शोधतात. दुखणें भारी असल्यास औषधही लागतें. आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत नापिकीनें व कर्जानें खचून ज्या शेतकऱ्यांनीं जीव दिला, त्यांच्या विधवा आज शेतें कसतात व मुलें शाळेंत बसतात. अशांस रडूं नको म्हणून सांगणें सोपें आहे. त्यापेक्षां जवळ बसून ऐकावें, आणि सरकारी टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक तरी त्यांच्या हातीं द्यावा. तेथें फुकट सल्ला मिळतो.

रमाबाईंस कान मंदावल्यामुळें वैद्यक शिकतां आलें नाहीं. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं ख्रिस्ती दीक्षा घेतली. १८८६ त त्या अमेरिकेस गेल्या व तेथें बालोद्यान शिक्षणाची पद्धति शिकल्या. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस विधवांसाठीं शारदा सदन उघडलें. पुढें तें पुण्यास गेलें. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हीच पुढें महर्षि कर्वे यांची पत्नी झाली.

१८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. वर्धा नदीच्या पलीकडचा तो मुलूख आमच्या जिल्ह्यास लागूनच आहे. रमाबाई स्वतः तेथें गेल्या. भुकेल्या मुली पाहून त्यांस आपले आईबाप आठवले, आणि वीस वर्षांहून अधिक काळ उरांत बाळगलेली ती कहाणी त्यांनीं त्या दुष्काळाच्या वृत्तांतांत लिहून काढिली. व्हिएन्नाच्या डॉक्टरांचा ग्रंथ त्यांनीं वाचला असेल असें नव्हे; दुःख सांगितल्याशिवाय राहवत नाहीं, हें मनुष्यास ग्रंथावांचूनही कळतें.

सुमारें तीनशें मुली त्यांनीं आणिल्या, आणि केडगांव येथें मुक्ति सदन उभें राहिलें. आलेल्या मुली हाडांचे सांपळे झालेल्या, कित्येक रानटी व भांडखोर. आधीं अन्न व औषध. मग जुन्या शारदा सदनांतील मुलींवर या नव्यांचा सांभाळ सोंपविला. जिनें वैधव्याचें दुःख भोगलें तिच्याच हाताला धरून दुसरी दुःखी मुलगी चालूं लागली. विणकाम, शेत, छापखाना असा दिवसाला नेम होता. आंधळ्या मुलींस मनोरमा ब्रेल लिपि शिकवीत असे. गुजराथच्या दुष्काळानंतर सदनांतील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. एवढ्यांत प्रत्येकीचें मन एकांतांत ऐकणें कोणासच शक्य नव्हतें, आणि रमाबाईंचा मुख्य भरंवसा प्रार्थनेवर होता. म्हणून त्यांस मानसोपचारक म्हणूं नये. परंतु तुटलेल्या मनास माणूस, काम आणि ठरलेला दिवस लागतो, हें त्यांनीं जाणलें होतें.

२४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा वारली. चाळीस वर्षें जिच्या सोबतीनें काढिलीं तीही गेली. त्या वेळीं रमाबाईंनीं हातीं घेतलेलें पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर अद्याप पुरें व्हावयाचें होतें. त्यांनीं तें पुरें केलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांव येथें त्या निजधामास गेल्या.