सुभेदार रामजी सकपाळ : पलटणीतले मास्तर



नाशिककडच्या आपल्या वस्त्यांत देवळालीच्या छावणीमुळे लष्कराची ओळख जुनी आहे. कितीतरी घरांत भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते आणि शेजारच्या खुंटीला आजोबांचा लष्करी पट्टा लटकत असतो, नाहीतर पेटीत फडक्यात गुंडाळलेली पदके असतात. धम्मदीक्षा घेतल्यावर अशा घरांत एक प्रश्न हमखास उठतो. आपण पंचशील घेतले, प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे वचन दिले. मग हा पट्टा आणि ही पदके घरात ठेवायची की काढून टाकायची? म्हाताऱ्यांना काढवत नाहीत, तरुणांना ठेवणे पटत नाही. तुमच्याही घरी हा वाद झाला असेल तर आज मी सांगतो ते चरित्र घरातल्या सर्वांनी मिळून वाचावे. हे चरित्र आहे बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजी हेही लष्करातच होते. पत्नी भीमाबाई या मुरबाडकर घराण्यातल्या. त्यांचे वडील सुभेदार मेजर. म्हणजे दोन्हीकडून पलटणीचे घराणे. आता तुम्ही विचाराल, गावकुसाबाहेरची ही माणसे पलटणीत गेली कशासाठी? सक्ती कुणी केली नव्हती. ती स्वखुशीने गेली, कारण गावात त्यांच्या वाट्याला महारकी होती, शिळ्या भाकरीचा तुकडा होता आणि सावलीचाही विटाळ होता. पलटणीत पगार होता, अंगावर गणवेश होता आणि हुद्द्याला मान होता. गावात जो माणूस वाकून चालायचा तो कवायतीच्या मैदानावर छाती काढून उभा राहायचा.

या शिपाईगिरीचा इतिहास तुम्हाला माहीत हवा. 1 जानेवारी 1818 रोजी भीमा नदीच्या काठी कोरेगाव येथे कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातील सुमारे 500 पायदळ शिपाई, थोडे घोडेस्वार आणि दोन तोफा पेशव्यांच्या फार मोठ्या फौजेपुढे दिवसभर टिकून राहिल्या. त्या पायदळात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. तेथील विजयस्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांपैकी 22 नावांच्या शेवटी नाक हा प्रत्यय आहे. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब त्या स्तंभाला मानवंदना देण्यास गेले होते, ते याच कारणाने.

पण आता जे सांगतो ते अधिक महत्त्वाचे आहे. कंपनीच्या लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलांमुलींना शिक्षण सक्तीचे होते. ज्यांच्या कानावर अक्षर पडू नये अशी धर्माची आज्ञा, त्यांच्या हाती पाटी आली ती पलटणीच्या शाळेत. रामजींनी या संधीचे सोने केले. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि पुढे सुमारे 14 वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून काम केले. इंग्रजी, गणित, भाषांतर यांत ते तरबेज होते. चढत चढत ते सुभेदार मेजर झाले. पलटणीने हाती बंदूक देऊ केली असता या माणसाने खडूही मागून घेतला. मी स्वतः शाळामास्तर आहे आणि माझ्या घरातला पहिला पदवीधर आहे. म्हणून ही गोष्ट सांगताना माझा ऊर भरून येतो.

महूच्या छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी भीमरावांचा जन्म झाला. ते रामजी-भीमाबाईंचे चौदावे अपत्य. आणि त्याच सुमारास घाला पडला. 1892 च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. अमुक जाती लढवय्या आणि अमुक नाहीत, असा नवा सिद्धांत सरकारने काढला होता. कोरेगावचा स्तंभ जागेवर उभाच होता, पण ज्यांची नावे त्यावर कोरली त्यांच्या नातवंडांना पलटणीचे दार बंद झाले. वरच्या जातींचे शिपाई महार सुभेदाराचा हुकूम मानायला नाखूश होते, हेही त्यामागचे एक कारण होते. शिपायाने रक्त सांडले तरी जात पुसली जात नाही, हे त्या वर्षी सर्वांना कळून चुकले.

रामजी स्वस्थ बसले नाहीत. या अन्यायाविरुद्ध सरकारकडे अर्ज करण्यासाठी त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांची मदत मागितली. त्यांच्याच कोकणातले निवृत्त लष्करी माणूस गोपाळबाबा वलंगकर यांनीही याच प्रश्नावर अर्ज केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली थेट भारतमंत्र्यांकडे गाऱ्हाणे मांडले. हे सगळे अर्ज लिहिणारे हात लष्करी शाळेमुळे लिहिते झालेल्या पिढ्यांचे होते, हे ध्यानात घ्या. बंदूक काढून घेता आली, लेखणी काढून घेता आली नाही.

रामजी निवृत्त झाले तेव्हा भीमराव अगदी लहान होते. कुटुंब दापोलीला आणि नंतर साताऱ्याला आले. तेथे 1896 साली भीमाबाई वारल्या. दुष्काळी कामावर रामजींना गोरेगावला नोकरी मिळाली. 1901 साली भीमराव आणि घरची इतर मुले वडिलांना भेटायला आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. पत्र वेळेवर न पोचल्याने न्यायला कुणी आले नव्हते. मुलांची जात कळताच गाडीवाल्यांनी पाठ फिरवली. शेवटी दुप्पट भाड्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही गाडी मुलांनी हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर. रात्रभरात त्या मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. सुभेदार मेजरची मुले, अंगावर चांगले कपडे, जवळ पैसे, आणि घशाला कोरड! वडिलांच्या सगळ्या हुद्द्याची किंमत त्या रस्त्यावर पाण्याच्या एका घोटाइतकीही झाली नाही.

रामजी कबीरपंथी होते. दारू-मांसाला शिवत नसत. पहाटे भजन, मग मुलांचा अभ्यास, असा त्यांचा नेम होता. 1904 च्या सुमारास ते मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईला आले आणि परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. त्या खोलीत चूल, जाते, सरपण, माणसे, सारे एकत्र. अभ्यासाला जागा नाही. मग म्हातारा बाप काय करी? भीमरावांना संध्याकाळी लवकर झोपवी आणि आपण रात्री दोनपर्यंत जागा राही. दोन वाजता मुलाला उठवी आणि मग त्याच्या जागेवर आपले अंग टाकी. पलटणीत पहारा बदलतात ना, तसा हा पहारा होता. फक्त राखायचे होते ते ज्ञान. मुलाने पुस्तक मागितले आणि हाती पैसा नसला तर रामजी लेकीच्या घरी जात, तिचा दागिना मागून आणत, तो गहाण ठेवून पुस्तक घेत आणि पेन्शन मिळाली की सोडवून परत करीत. आपल्या त्या माउलींची नावे कुठल्या स्तंभावर नाहीत, पण त्यांचाही या लढाईत वाटा आहे.

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. सत्कारात कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांना बुद्धचरित्र भेट दिले. सुभेदाराच्या घरात बुद्ध आले ते असे, पुस्तकाच्या रूपाने. 1913 च्या जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीस गेले आणि थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजाराची तार आली. 2 फेब्रुवारी 1913 रोजी रामजींनी देह ठेवला. मुलगा अमेरिकेला गेलेला त्यांना पाहता आला नाही.

पलटणीचे पुढे काय झाले तेही ऐका. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 साली सरकारने 111वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर 1921 साली मोडून टाकली. गरज सरो नि वैद्य मरो! दुसऱ्या महायुद्धात, 1941 साली, बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि त्यांनी हा प्रश्न लावून धरला. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी बटालियन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. ती रेजिमेंट पुढे मोडली गेली नाही. आज तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे आणि तिच्यात सर्व जातिधर्मांचे जवान आहेत. बापाचा अर्ज लेकाने जवळजवळ 50 वर्षांनी मंजूर करून घेतला, असेच म्हणावे लागेल.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. सेनेच्या चाकरीत असलेल्या माणसाला भिक्षुसंघात घेऊ नये असा नियम भगवंतांनी बिंबिसार राजाच्या विनंतीवरून केला. पण वैशालीचा सिंह सेनापती उपासक म्हणून शरण आला तेव्हा त्याला त्यांनी दूर लोटले नाही. आपल्या त्रिरश्मी लेण्यांवर गेलात तर एक लेणे असे आहे की ते एका साधूने सुरू केले आणि अनेक वर्षे अपुरे राहिले. यज्ञश्री सातकर्णीच्या काळात महासेनापती भवगोप याची पत्नी वासू हिने ते पुरे करून भिक्षुसंघाला दिले. सेनापतीच्या घरची बाई, आणि तिचे नाव आज दगडावर आहे ते विहारासाठी.

तेव्हा बंधूंनो, आजोबांची पदके फेकू नका आणि त्यांची पूजाही करू नका. वंदन करायचे ते बुद्ध, धम्म आणि संघाला. पदके मुलांना दाखवा आणि दोन्ही गोष्टी सांगा : ती मिळवायला किती धैर्य लागले, आणि सरकारने व समाजाने त्या धैर्याची कशी परतफेड केली. आजोबा कोणत्या पलटणीत होते, कोणत्या साली होते, ते वहीत लिहून ठेवा, म्हातारी माणसे आहेत तोवर विचारून घ्या. आणि मग त्या पट्ट्याखाली एक दिवा लावा, मुलाला आणि मुलीलाही तेथे अभ्यासाला बसवा, आणि आपण जागे राहा. सुभेदार रामजी दोन वाजेपर्यंत जागले. आपल्याला निदान दहापर्यंत तरी जागता येईल.

नमो बुद्धाय. जयभीम.