पुराच्या कारणापासून पंचवार्षिक योजनेपर्यंत, महालनोबिसांनी सरकारला आकड्यांवर चालायला लावलं

1926 साली ओडिशात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. इंजिनिअरांचं म्हणणं पडलं की नदीचं पात्र वर आलंय, तेव्हा बांध काही फूट वाढवा.

हे प्रकरण कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या फिजिक्सच्या एका प्राध्यापकाकडे आलं. प्रशांतचंद्र महालनोबिस त्यांचं नाव. त्यांनी साठेक वर्षांची पावसाची आणि नदीच्या पातळीची आकडेवारी तपासली. पात्र वर आल्याचा पुरावाच मिळेना. पूर येत होता तो वरच्या भागात धो धो पाऊस झाल्यामुळे. मग बांध उंच करून काय होणार? वर धरणं बांधा, असा त्यांचा सल्ला होता. पुढे महानदीवर हिराकूड धरण झालं, त्यामागे हाच विचार होता.

महालनोबिस जन्मले 29 जून 1893 ला. केंब्रिजला फिजिक्स शिकले, पण येताना सोबत आणले संख्याशास्त्राच्या मासिकाचे अंक. तेच वेड लागलं आणि 1931 साली कॉलेजच्याच खोलीत इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट सुरू झाली.

खरी परीक्षा ज्यूटने घेतली. बंगालमध्ये किती एकरांत ज्यूट लावलाय, हे सरकारला आधीच कळायला हवं होतं. आपल्याकडे तलाठी असायचा, पण जमीनदारीच्या बंगालमध्ये गावपातळीवर तशी यंत्रणाच नव्हती. तिथे चौकीदाराच्या अंदाजावर काम चालायचं.

प्रत्येक शेत मोजायचं तर पैसा आणि माणसं दोन्ही अफाट लागणार. महालनोबिसांनी नमुना पाहणी केली, म्हणजे निवडक तुकडे मोजून सगळ्याचा अंदाज बांधायचा. शिवाय एक हुशारी केली. एकाच भागात दोन वेगळे नमुने दोन वेगळ्या गटांना दिले. दोघांच्या आकड्यांत मोठी तफावत आली की गडबड कुठे आहे, हे वरच्या अधिकाऱ्याला लगेच कळायचं. शेतात फिरणाऱ्याला लुच्चा ठरवण्याची गरजच नाही, चूक पद्धतच पकडून देणार.

स्वातंत्र्यानंतर हीच पद्धत देशभर गेली. 1949 च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे ते अध्यक्ष होते आणि सदस्यांत पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. 1950 साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. गावात घरोघर जाणाऱ्याला नेमके प्रश्न, तपासणाऱ्याला दोन गटांची तुलना आणि दिल्लीत बसलेल्यांना देशाची बेरीज. ज्याला जो निर्णय घ्यायचा, त्याला तेवढंच.

अडचण होती ती वेळेची. आकडे गोळा व्हायचे, पण छापून यायला फार उशीर लागायचा. कॉम्प्युटरसाठी महालनोबिसांची धडपड होती ती म्हणूनच. 1956 साली इंग्लंडहून आलेलं मशीन त्यांच्या संस्थेत बसलं, देशातल्या अगदी पहिल्या कॉम्प्युटरांपैकी ते एक.

त्याच वर्षी दुसरी पंचवार्षिक योजना लागू झाली, त्यांच्या मॉडेलवर. भर अवजड उद्योगांवर. गणित नीटनेटकं होतं, पण परदेशी व्यापार त्यात धरलाच नव्हता. यंत्रसामग्री मात्र बाहेरूनच आणायची होती. दोनेक वर्षांतच परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि योजनेला कात्री लावावी लागली. ब्राह्मणीच्या वेळी इंजिनिअरांचं गृहीतक तपासणाऱ्या माणसाचं स्वतःचं गृहीतक इथे अडलं.

28 जून 1972 ला, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते गेले. महागाईचा दर काढताना कुठल्या वस्तूला किती वजन द्यायचं, हे आजही त्यांनी सुरू केलेल्या त्या घरोघरच्या पाहणीवरूनच ठरतं.