मातीला नुसतं नाव पुरत नाही: कार्ल टर्झागी यांची गोष्ट

माती परीक्षण म्हटलं की आपल्याला शेत आणि खतं आठवतात. पण बिल्डिंग बांधण्याआधीही माती तपासतात, आणि ती तपासणी वेगळी असते. सोलापुरात मी हेच काम करतो.

नवीन होतो तेव्हाची गोष्ट. जुळे सोलापूरमधल्या एका प्लॉटवर बोअरची नोंदवही माझ्याकडे होती. रिगवाले काका म्हणाले मुरूम लागला, मी मुरूम लिहिलं. दुसऱ्या बोअरलाही तेच. तिसऱ्यात तर नमुनाच घेतला नाही, मुरूमच आहे म्हणून. संध्याकाळी सरांनी पिशव्या उघडल्या. एकीत कडक, दगडाळ मुरूम. दुसरीत हाताने मळता येईल असा मातकट. नाव एकच, पण दोघांवर सारखा भार टाकता येणार नव्हता. तिसरा बोअर पुन्हा मारावा लागला. त्या दिवशी सरांनी मला टर्झागी सांगितले.

कोण होते टर्झागी?

जन्म १८८३, प्राग. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकले, पण ओढा भूगर्भशास्त्राकडे. १९१२ मध्ये ते अमेरिकेला गेले. धरणांच्या साईटवर फिरून कुठल्या मातीवर बांधकाम कसं टिकलं याच्या नोंदी जमवायच्या, आणि त्यातून नियम काढायचे, असा बेत होता. तो फसला. नोंदींत चिकणमाती, वाळू अशी नुसती नावं होती, आणि एकाच नावाची माती दोन ठिकाणी वेगळी वागत होती. म्हणजे माझ्या वहीसारखंच!

पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, ते इस्तंबूलला शिकवायला गेले. तिथे सिगारची खोकी आणि टाकाऊ सामान वापरून त्यांनी प्रयोगाची साधनं बनवली आणि माती मोजायला सुरुवात केली. त्यातून कळलं की ओल्या चिकणमातीवर भार टाकला की तो आधी मातीतलं पाणी पेलतं. मग पाणी हळूहळू बाहेर पडतं, भार कणांवर येतो आणि माती दबते. म्हणून काही इमारती वर्षानुवर्षं खचत राहतात. १९२५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि सॉईल मेकॅनिक्स हे शास्त्र उभं राहिलं.

आज साईटवर काय करतात?

टर्झागींचे सहकारी आर्थर कॅसाग्रांडे यांनी स्वीडनच्या अ‍ॅटरबर्ग यांच्या चाचण्यांना पक्कं रूप दिलं. पितळी वाटीत ओली माती घ्यायची, मधे चर पाडायची, वाटी आपटायची. २५ ठोक्यांत चर मिटते तेव्हा मातीत जेवढं पाणी असतं, ती लिक्विड लिमिट. आपल्या आयएस १४९८ प्रमाणे ही मर्यादा ५० टक्क्यांच्या वर गेली की चिकणमाती सीएच गटात जाते. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी आपली काळी माती बऱ्याचदा याच गटात निघते.

बोअरमध्ये एसपीटी चाचणीही होते. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडून नळी ४५ सेंटिमीटर आत घालतात, आणि शेवटच्या ३० सेंटिमीटरचे ठोके मोजतात. या ठोक्यांवरून जमिनीचा अंदाज कसा बांधायचा, हे टर्झागी आणि राल्फ पेक यांच्या १९४८ च्या पुस्तकामुळे जगभर पोचलं. मऊ मातीचा अखंड नमुना पातळ नळीत काढतात आणि टोकांना मेण लावतात, ओल उडू नये म्हणून.

टर्झागी १९६३ मध्ये गेले. कॅनडातल्या एका धरणाला पुढे त्यांचं नाव दिलं गेलं.

आता माझ्या वहीत नुसतं मुरूम नसतं. खोली, रंग, ओल आणि ठोके लिहिल्याशिवाय मी पुढची ओळ घेत नाही. तुमच्या घराचं काम निघालं आणि कुणी म्हणालं की शेजारी मुरूम लागला, तपासायची गरज नाही, तर एवढंच विचारा: किती फुटांवर, आणि ठोके किती?